मैफलीची फाइल लहान करा, आवाज मात्र तसाच ठेवा

संपादक महोदय,

दिवाळी पहाट आणि हिवाळी संगीत महोत्सव आटोपले की गावोगावच्या संगीत मंडळांपुढे प्रश्न उभा राहतो तो भरलेल्या हार्ड डिस्कचा. फोर-के कॅमेरा १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) मुद्रण करत असेल तर तासाला ४५ जीबी लागतात, तीन तासांच्या बैठकीला १३५. मग कुणीतरी सॉफ्टवेअरमधला तयार प्रीसेट (आधीच ठरवलेल्या सेटिंगचा संच) लावतो, पाच-सहा जीबींची फाइल हाती येते आणि जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसली जाते. त्या बैठकीची सर्वांत चांगली प्रत तिथेच कायमची जाते.

या १३५ जीबींमध्ये आवाज किती असतो? न दाबलेला (अनकंप्रेस्ड), ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ आवाज तीन तासांना जेमतेम २ जीबी होतो. उरलेले सगळे चित्र. आवाज दाबून जागा वाचत नाही, आणि मैफलीत जपायचा तर तोच! हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरचा नेहमीचा प्रीसेट आवाज १६० केबीपीएसच्या एएसी या दाबलेल्या स्वरूपात बदलतो. भाषणाला तेवढे पुरते. पण हीच फाइल पुढे यूट्यूबवर चढवली की आवाज पुन्हा दाबला जातो, आणि दोनदा दाबल्यावर तानपुऱ्याची जवारी आणि तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ यांचा काठ बोथट होतो. म्हणून मूळ आवाज एएसी किंवा एसी-३ असेल तर ‘पासथ्रू’ (आवाज जसाच्या तसा घेणे) निवडावे. पीसीएम, म्हणजे न दाबलेला, असेल तर फाइल एमकेव्ही प्रकारची ठेवून आवाज फ्लॅकमध्ये घ्यावा. त्यात एकही बिट हरवत नाही.

चित्राच्या बाबतीत ‘काहीही न गमावता’ हे शब्दशः शक्य नाही; फरक डोळ्यांना दिसू नये इतकेच साधते. त्यासाठी एक्स-२६५चा १० बिट एन्कोडर (चित्र दाबणारा भाग), ‘स्लो’ प्रीसेट आणि ठरावीक बिटरेटऐवजी ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ घ्यावी: फुल एचडीला आरएफ (दर्जाचा आकडा; जितका लहान तितके चित्र चांगले) २०, फोर-केला २२. मूळ चित्रण ८ बिटचे असले तरी १० बिटच घ्यावे, नाहीतर गायकामागच्या काळ्या पडद्यावर प्रकाशाची वलये पायऱ्यांसारखी उमटतात. जुन्या टीव्हीवर ही फाइल चालत नसेल तर एक्स-२६४, आरएफ १८. स्थिर कॅमेऱ्याची बैठक सरासरी ८ एमबीपीएसवर आली, तर तीन तासांचे चित्र ११ जीबींच्या आत बसते.

सर्वाधिक घोळ फ्रेम रेटमध्ये (सेकंदाला किती चित्रे) होतो. आपल्याकडे दिव्यांची वीज ५० हर्ट्झची असल्याने, दिवे लुकलुकताना दिसू नयेत म्हणून, जाणकार २५ किंवा ५० फ्रेमने चित्रण करतात, आणि प्रीसेट मात्र ३०ची मर्यादा घालतो. मग ५० फ्रेमच्या चित्रणात दर पाच फ्रेममागे दोन गळतात आणि द्रुत लयीत तबलजीची बोटे अडखळताना दिसतात. ‘सेम ॲज सोर्स’ आणि ‘कॉन्स्टंट’ निवडले की हे टळते. मोबाइलचा फ्रेम रेट मुळातच कमीजास्त होतो, त्यामुळे त्या चित्रणाला ‘कॉन्स्टंट’ हवेच. नाहीतर पुढे एडिटिंग करताना आवाज आणि चित्र एकमेकांपासून सरकत जातात.

जुन्या हँडीकॅमचे ५०-आय (इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचे) चित्रण असेल तर ‘डीइंटरलेस’मध्ये ‘बॉब’ घ्यावे. तो कॅमेरा एकाच बैठकीचे अनेक तुकडे करून ठेवतो. ते आधी एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने न दाबता जोडावेत आणि मगच लहान करावेत. तुकडे वेगवेगळे दाबून मागाहून जोडले, तर प्रत्येक सांध्यावर तानपुरा क्षणभर तुटतो.

अंधाऱ्या सभागृहात चित्रात येणारे रवाळ दाणे पुष्कळ जागा खातात. ‘डीनॉइज’ (हे दाणे पुसणारा फिल्टर) अगदी हलका ठेवावा. जास्त झाला की चेहरे मेणाचे होतात आणि शालीची जर पुसली जाते.

पूर्ण फाइल लावण्याआधी एका मिनिटाचा तुकडा दाबून पाहावा. तो आलापाचा नको, ‘झाला’ या वाद्यवादनातल्या जलद भागाचा किंवा तबल्याच्या द्रुताचा घ्यावा, आणि हेडफोन लावून मूळ फाइलशी ताडावा. मूळ फाइल पुसायची वेळ आलीच, तर त्याआधी नव्या फाइलमधली अगदी शेवटची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) पाहावी. हात समेवर पडतो त्याच क्षणी आवाज यायला हवा. तीन तासांत तो थोडा जरी सरकला असेल, तरी इथे लगेच कळतो.

– एक वाचक, ध्वनिचित्रमुद्रक, सातारा