पांढऱ्या ठिपक्यांबाबत दुरुस्ती हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या फिश टँकवर लेख आला होता. फोटो सुरेख होते. क्लाउनफिशची जोडी तर आमच्याच घरातून उचलून नेलीय की काय, असं वाटलं. पण लेखाखालच्या चौकटीत तीन ओळींचा सल्ला होता: माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले तर हीटर ३० अंशांवर लावावा, खाण्यात लसूण द्यावी, चार-पाच दिवसांत ठिपके जातात. ठिपके जातात, हे अगदी खरं. पण हाच सल्ला ऐकून मी दोन मासे घालवलेत, म्हणून हे पत्र.

मी चिंचवडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घरी चार फुटी टँक, साधारण अडीचशे लिटर पाणी. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवायचं आणि क्षारता मोजून टँकमध्ये सोडायचं, हा रविवार सकाळचा उद्योग. तीन वर्षं दोन क्लाउनफिश, एक बँगाई कार्डिनल आणि एक डॅमसेल गुण्यागोविंदाने राहत होते. २०२४ च्या जूनअखेर मला पावडर ब्लू टँगचा मोह पडला. आकाशी अंग, पिवळा पर, काळं तोंड. हिंदी महासागरातलाच मासा, आणि पांढरे ठिपके उठण्यात त्याचा हात धरणारा दुसरा मासा नाही, हे मला नंतर कळलं. पिशवीतून काढला आणि सरळ टँकमध्ये सोडला.

सहाव्या दिवशी त्याच्या परांवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसले. दुकानात फोन केला. "ताई, जागा नवीन आहे, घाबरलाय तो. टेंपरेचर वाढवा, लसूण द्या," असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी अंग लख्ख! मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. पुढच्याच आठवड्यात तोच मासा पीठ भुरभुरल्यासारखा दिसायला लागला. पंपाच्या तोंडाशी जाऊन धापा टाकायचा, खाणं बंद. एका रात्री मेला.

आमच्या लॅबमधून भंगारात निघालेला एक मायक्रोस्कोप घरी आहे. मेलेल्या माशाच्या कल्ल्याचा बारीक तुकडा स्लाईडवर घेतला, टँकच्याच पाण्याचा थेंब टाकला, कव्हरस्लिप ठेवली आणि दहाच्या लेन्सखाली पाहिलं. राखाडी, अपारदर्शक गोळे, जात्यासारखे संथ गरगरत होते. कडेला केसांसारखी बारीक झालर सारखी हलत होती. वीस वर्षं रक्त, लघवी, थुंकी पाहतेय. जंतू पाहून मला कधी काही वाटत नाही. त्या रात्री मात्र स्लाईड पुसायला हात उचलला नाही.

त्या जीवाचं नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. चौकटीतला घोळ कुठून आला असावा, हेही सांगते. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असेच ठिपके येतात, पण तो जीव वेगळा, इक्थिओफ्थिरियस. तिथे पाणी गरम करण्याचा इलाज जुना आहे आणि काही अंशी चालतोही. खाऱ्या पाण्यातला हा दुसरा मात्र उष्ण समुद्रातलाच, त्याला ३० अंश छान मानवतात. उलट पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. कल्ले आधीच पोखरलेल्या माशाला आपण वर धापाही लावतो.

आणि ठिपके जातात ते का? तर हा जीव माशाच्या कातडीखाली तीन ते सात दिवस पोसतो, पोट भरलं की स्वतःहून गळून पडतो. मासा स्वच्छ दिसतो तो त्यामुळे. खाली वाळूत, दगडावर, काचेवर तो स्वतःभोवती कवच करतो आणि आत त्याची पिल्लं होतात, एका कवचात दोनशेपर्यंत. कवच फुटलं की ही पिल्लं मासा शोधत सुटतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. चार फुटांच्या पेटीत मासा न मिळायला काय झालं! समुद्रात हा हिशोब बहुतेक वेळा माशाच्या बाजूने असतो, काचेच्या आत तो उलटतो. अंगावर असताना हा कातडीच्या आत बसलेला असतो, म्हणून साफसफाई करणारी कोळंबी किंवा क्लीनर रॅस मासा त्याला टिपू शकत नाहीत आणि औषधही पोचत नाही. कवचातही पोचत नाही. औषध लागू पडतं ते फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून इलाजाला आठवडे लागतात.

आषाढी एकादशीची सुट्टी होती. त्या दिवशी उरलेले चारही मासे काढून बाल्कनीतल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या टबात ठेवले. लपायला हार्डवेअरच्या दुकानातले पीव्हीसी पाइपचे एल्बो दिले. वाळू नाही, दगड नाही, कारण टबात तांब्याचं औषध घालायचं असतं आणि दगड-वाळू तांबं शोषून घेतात. हेच तांबं मुख्य टँकमध्ये ओतलं असतं तर गोगलगायी आणि कोळंबी मेली असती. माझं औषध कीलेटेड, म्हणजे बांधून ठेवलेल्या तांब्याचं होतं. त्याचं प्रमाण दोन ते अडीच पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दोन-अडीच भाग, ठेवायचं. साध्या, मोकळ्या तांब्याचा आकडा याहून कितीतरी कमी असतो आणि दोन्हींची गल्लत केली तर रोगाआधी मासा जातो. दुकानात सुट्या बाटलीत निळं पाणी मिळतं, वर चिठ्ठी नाही, काही नाही. ते घेऊ नये.

डॅमसेल तिसऱ्या दिवशी गेला. बाकीच्यांचे औषधाचे तीस दिवस मोजत होते. टबाला फिल्टर नाही म्हणून अमोनिया चढतो, दर दोन दिवसांनी पाणी बदलावं लागतं. अकराव्या दिवशी कामाच्या घाईत मी बदललेल्या पाण्यात तांबं घालायचंच विसरले. तांबं मोजायच्या किटवर आकडा १.४. झालं, तीस दिवस पुन्हा एकपासून.

इकडे मुख्य टँक माशांविना ठेवला तो ७६ दिवस. कवचं बहुतेक करून महिन्याभरात फुटतात, पण प्रयोगशाळेत ७२ व्या दिवशी फुटल्याचीही नोंद आहे, वर चार दिवस पदरचे. कालनिर्णयवर रोज फुली मारत होते. मधे गणपती आले. आलेला प्रत्येक पाहुणा टँकला नाक लावून विचारायचा, "मासे कुठायत?" फिल्टरमधले जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून मी दिवसाआड चिमूटभर खाणं टाकायचे. सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या पेटीला नैवेद्य दाखवतेस होय?" त्यांनीच एकदा टबातलं काढून ठेवलेलं पाणी तुळशीला घालायला घेतलं होतं. खारं आणि वर तांब्याचं! वेळेवर पाहिलं म्हणून तुळस वाचली. १ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दोन दिवस आधी, तिघे परत टँकमध्ये गेले. अजून आहेत.

आता नवा मासा आणला की तो आधी दोन टबांत राहतो. दर तिसऱ्या दिवशी, ७२ तास भरायच्या आत, एका टबातून दुसऱ्या टबात, असं चारदा. अंगावरून गळलेलं सगळं मागच्या टबात राहतं. तो टब धुऊन खडखडीत वाळवायचा. औषध लागत नाही. मात्र वेल्व्हेट नावाच्या दुसऱ्या परजीवीवर ही युक्ती चालत नाही. ठिपके धुळीइतके बारीक, सोनेरीसर दिसले तर वाट बघू नये, तो दोन-तीन दिवसांत टँकमधले सगळे मासे मारतो. म्हणून टबांनंतरही मासा महिनाभर वेगळाच ठेवते. जाळी वेगळी, मोजायचं भांडं वेगळं. ओल्या हाताने इकडून तिकडे जायचं नाही, हा नियम मुलालाही लावलाय.

दुकानदारांबद्दल एकच. पुष्कळ ठिकाणी विक्रीच्या टाक्यांत थोडं तांबं कायम असतं. त्याने रोग जात नाही, दबून राहतो आणि गिऱ्हाइकाच्या घरी उसळतो. पाण्यात तांबं आहे का आणि मासा येऊन किती दिवस झाले, या दोन गोष्टी टाकीवर खडूने लिहायला काय खर्च येतो? आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या प्रजननाचं तंत्र कधीच बसवलंय. तसा हॅचरीतला मासा मिळत असेल तर समुद्रातून पकडलेल्यापेक्षा तो घ्यावा.

आपल्या पुढच्या अंकात त्या चौकटीची दुरुस्ती छापावी. जागा कमी असेल तर हे सगळं वगळा आणि एवढंच छापा: हीटर वाढवू नका, सगळे मासे वेगळ्या टबात काढा, मोठा टँक ७६ दिवस माशांविना ठेवा.

आपली,
एक वाचक, चिंचवडगाव