फळं सोडू नकोस

नौपाडा, ठाणे
15 जून

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा 6.1 आला, तेव्हापासून फळं बंद. त्याऐवजी अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे पेशींची झीज रोखणाऱ्या द्रव्यांच्या, गोळ्या घेतोय." तेव्हा मी गर्दीत होतो, नीट बोलता आलं नाही. पण ते मनातून जाईना.

अरे, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तिथून माघारी फिरता येतं. पण फळं टाकून? तेही द्राक्षांच्या सांगलीत राहून? हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या लाखाहून जास्त लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली, 2013 साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. अख्खी फळं, त्यातही ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद खाणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण कमी दिसलं आणि फळांचा रस रोज पिणाऱ्यांत जास्त. रस गाळला की चोथा जातो आणि साखर भर्रकन रक्तात चढते. म्हणून तुझा तो सकाळचा मोसंबीचा ग्लास बंद कर, मोसंबी सोलून खा.

काल संध्याकाळी स्टेशनबाहेर येऊरकडच्या बायका जांभळांच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. पानाच्या द्रोणात वाटा लावलेला. मी दोन द्रोण घेतले, घरी मीठ लावून खाल्ले, जीभ जांभळी झाली. हा रंग अँथोसायनिनचा. करवंदात तोच, काळ्या द्राक्षांच्या सालीत तोच, कोकमाच्या आगळातही तोच. कोवळ्या पेशींना उन्हापासून जपायला झाड असली रंगद्रव्यं बनवतं आणि पिकलेल्या फळाकडे पाखरांना बोलावतं, म्हणजे बी लांब जाऊन पडते. हीच ती अँटिऑक्सिडंट, आपल्याही पेशींना त्यांचा उपयोग होत असावा. मात्र जांभूळबियांची पूड घेऊन डॉक्टरांचं औषध सोडायचं नाही, हे आत्ताच बजावून ठेवतो. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

पिवळा-केशरी रंग बीटा कॅरोटीनचा. आंबा, पपई. शरीर त्याचं 'अ' जीवनसत्त्व करतं, डोळ्यांना लागतं ते. हे द्रव्य स्निग्धात विरघळतं, त्यामुळे आमरसावर तुपाची धार घालणाऱ्या आपल्या आज्या किती बरोबर होत्या बघ! पण आंब्याच्या 100 ग्रॅम गरात 14 ग्रॅमच्या आसपास साखर असते, तेव्हा तू रसाच्या वाटीवर वाटी नको, जेवणात दोन फोडी घे. लाल कलिंगड आणि आतून गुलाबी पेरू यांत लायकोपीन हे लाल रंगद्रव्य.

पेरूसाठी मी कुणाशीही भांडेन. वाशीच्या फळबाजारात गेलो की लोक परदेशी किवीच्या पेट्यांभोवती जमतात आणि पेरू बिचारा कोपऱ्यात. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 200 मिलिग्रॅमच्या वर 'क' जीवनसत्त्व असतं, संत्र्यात पन्नासेक. साखरही आंब्यापेक्षा कमी, चोथा भरपूर. शिवाय 'क' जीवनसत्त्वामुळे पालेभाजी, कडधान्यांतलं लोह अंगी लागतं. म्हणून वहिनींनाही जेवणासोबत पेरूची फोड दे, त्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे म्हणालास ना.

आता त्या गोळ्या. फिनलंडमध्ये 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती. बीटा कॅरोटीन हेही अँटिऑक्सिडंटच, त्याच्या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला, तर गोळ्या घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्के जास्त निघाला. फळात एकेक द्रव्य चोथा, पाणी आणि इतर शेकडो घटकांसोबत येतं. तेच वेगळं काढून भरमसाट घेतलं की शरीर वेगळं वागतं. तू अजून लपून सिगारेट ओढतोस, म्हणून हे वाचल्यापासून मला धास्ती आहे. गोळ्यांची बाटली डॉक्टरांना दाखव, पुढच्याच भेटीत.

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला भाज्या-फळं मिळून निदान 400 ग्रॅम खायला सांगते. भाजी तू खातोसच. आता चारच्या चहाबरोबरची बिस्किटं काढ आणि त्या जागी एक फळ ठेव, रोज वेगळ्या रंगाचं. साल खाता येईल तिथे सालीसकट, धुऊन.

रविवारी सकाळी फोन करतो. शनिवारी चार वाजता कोणतं फळ खाल्लंस, ते आधी सांगायचं.

तुझाच,
ठाणेकर

ता. क. सिगारेटचंही विचारणार आहे.