आप्पा, कापलेला टोल परत मागा

ग्रेव्हसेंड, केंट

तीर्थरूप आप्पांना,
शि. सा. न.

आईने फोनवर सांगितलं, की केळीची कापणी होती त्या दिवशी गाडी सकाळपासून खळ्यातच उभी होती, तरी तुमच्या मोबाईलवर टोल कापल्याचा मेसेज आला. त्यावर तुम्ही म्हणालात, "जाऊ दे माय, एवढ्याशा पैशांसाठी कोण भांडत बसेल." तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आप्पा, जाऊ देऊ नका. पैसे तुमचे आहेत आणि ते परत मिळवायचा रस्ता आहे.

आधी एक बघा. मेसेज कधीकधी उशिरा येतो. बँकेच्या ॲपमध्ये फास्टॅगचं स्टेटमेंट उघडा. त्यात नाक्याचं नाव आणि गाडी तिथून गेल्याची वेळ असते. ती वेळ तुमच्या धुळ्याच्या मागच्या फेरीची निघाली, तर प्रश्नच मिटला. केळीच्या कापणीच्याच दिवसाची असेल, तर मात्र टोल चुकीनेच कापलाय.

गाडी घरी असताना टोल कसा कापला जातो, हे तुम्ही विचारलंत. लेनमध्ये एखाद्याचा टॅग वाचला गेला नाही, की नाक्यावरचा माणूस गाडीचा नंबर हाताने टाकतो. तिथे एक आकडा चुकला की भुर्दंड भलत्यालाच. धुळ्याच्या एमएच-१८ च्या जागी जळगावचा एमएच-१९ पडायला कितीसा वेळ लागतो!

आता पुरावा. पंकजने त्या दिवशी ट्रक भरतानाचे फोटो टाकले होते ना, त्यातल्या एकात घडांच्या मागे आपली गाडी आहे, बोनेटवर धूळ, आणि नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. तो फोटो व्हॉट्सॲपवरून उचलू नका, पुढे पाठवताना त्यातली मूळ वेळ निघून जाते. पंकजच्या फोनमधला मूळ फोटो जपून ठेवायला सांगा आणि त्याचा तपशील उघडून तारीख-वेळेचा स्क्रीनशॉटही घ्या. समोरच्या दुकानाचा कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण आजच मागून घ्या, ते फार दिवस राहत नाही.

तक्रार करायची ती ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे, नाक्यावर जाऊन नाही. ॲपमध्ये तो व्यवहार निवडून "गाडी नाक्यावर गेलीच नव्हती" असं स्पष्ट लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. मग बँक ते प्रकरण टोलवाल्यांच्या बँकेकडे नेते. नाका राष्ट्रीय महामार्गावरचा असेल तर १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनवरही नोंदवा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला एक पैसा लागत नाही. आणि हो, "रिफंड देतो, ओटीपी सांगा" म्हणून कुणाचा फोन आला तर सरळ ठेवून द्या. टॅगच्या नावाने लुबाडणारे पुष्कळ आहेत.

मी एवढं का लावून धरतेय, तेही सांगते. इथून जवळच डार्टफर्डला थेम्स नदी ओलांडायला टोल आहे. नाकाच नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत पैसे भरायचे. नाही भरले तर ७० पौंडांची नोटीस घरी येते, १४ दिवसांत भरली तर ३५. पण नोटीस चुकीची वाटली तर २८ दिवसांत लेखी हरकत घेता येते, ती फेटाळली तर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे फुकट अपील. दंड भरला की मात्र प्रकरण बंद, म्हणून इथले लोक आधी हरकत घेतात. आपल्याकडे उलटं आहे: पैसे आधीच गेलेले असतात. गप्प बसणाऱ्याचे ते गेले ते गेलेच. म्हणून आपल्याकडे तर बोलण्याची जास्त गरज आहे.

स्टेटमेंट उघडाल तेव्हा मागच्या फेऱ्याही तपासा. राष्ट्रीय महामार्गावर २४ तासांच्या आत परत आलात, तर जाऊन-येऊन मिळून एकेरी टोलच्या दीडपटच लागतो. तुम्ही दवाखान्यासाठी सकाळी जाऊन संध्याकाळी येता, तेव्हा दोनदा पूर्ण तर कापत नाहीत ना? कारऐवजी छोट्या मालगाडीचा दर तर लावला नाही ना?

शनिवारी तुमच्याकडे संध्याकाळ होईल तेव्हा फोन करते. पंकजला जवळ बसवा, दोघं मिळून तक्रार टाका, मी फोनवर असेन. आईला नमस्कार, पंकजला आशीर्वाद.

तुमची,
सुमन