टँक मोठा घ्यायचा की दगडच हलवायचे?

संपादक महोदय,

घरी 60 लिटरचा छोटा रीफ टँक (प्रवाळ आणि मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी) आहे, दोन क्लाउनफिश आणि थोडे मऊ प्रवाळ, आणि महिनाभर आमच्यात एकच वाद, आतले दगड नुसते हलवून मांडणी बदलायची की 200 लिटरचा नवा घ्यायचा. दुकानदार म्हणतो मोठाच घ्या (तो म्हणणारच!). जास्त पाण्यात तापमान, खारटपणा हळू बदलतो हे खरंय, पण नुसतं पाणीच 200 किलोच्या वर जातं, शिवाय मे महिन्यात चिलरचं (पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचं) विजेचं बिल. म्हणून सध्या एकावेळी एकच दगड हलवतोय, वाळू ढवळली की खालची घाण वर येते आणि माशांना विषारी अशा अमोनियाची भीती. आणि हो, दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, तरी लोक बिनधास्त विचारतात 'मिळेल का', यावर पुरवणीत एकदा लिहा ना.

एक वाचक, ठाणे