संगणकाचे कॅबिनेट मुलांना उघडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षा-सुधारणा पुरवणे, मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि ठरावीक पिढीपुढचाच प्रोसेसर लागत असल्याने, चालण्यात कोणताही दोष नसलेले कितीतरी संगणक त्या तारखेला एकदम ‘जुने’ ठरले. शाळांच्या संगणक-कक्षांतही असे संगणक आहेत, आणि त्यांतले काही कोठीच्या खोलीत एकावर एक रचून ठेवलेले मी स्वतः पाहिले आहेत. ते भंगारात जाण्यापूर्वी अकरावी-बारावीच्या मुलांना एकदा पूर्ण खोलू द्यावेत आणि त्यांच्याच हातून पुन्हा जुळवून घ्यावेत, ही विनंती आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शिक्षण खात्यापर्यंत व मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचावी, यासाठी हे लिहीत आहे.

मुलांच्या हाती संगणक देण्यात गोवा कधी मागे राहिला नाही. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांसाठी आलेली ‘सायबरएज’ योजना अनेकांना आठवत असेल, आणि अलीकडे शाळांतून कोडिंग व रोबोटिक्सही शिकवले जाते. तरीही डेस्कटॉपपुरते बोलायचे तर मुलाचा हात कीबोर्ड आणि माउस यांच्या पलीकडे सहसा जात नाही. टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला आपण सगळेच ‘सीपीयू’ म्हणतो. मी भौतिकशास्त्र शिकवत असूनही कित्येक वर्षे तसेच म्हणत होतो. खरा सीपीयू, म्हणजेच प्रोसेसर, हा तळहातावर ठेवला तर भोवती जागा उरेल एवढा तुकडा, हे डबा उघडल्याशिवाय कळत नाही.

हे न कळण्याची किंमत मी एकदा मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दुकानातून मी ‘असेंबल्ड’ संगणक घेतला. बिलावर फक्त ‘कॉम्प्युटर सेट, १ नग’ असे लिहिलेले होते. आत कोणता मदरबोर्ड (बाकीचे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), कोणत्या कंपनीची रॅम, किती वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), यातले काहीच मी विचारले नाही. पुढे ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, परतीच्या पावसाचा गडगडाट चालू असताना वीज आली-गेली, डब्यातून ‘फट्’ असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्ड व हार्ड डिस्क घेऊन गेला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने तो एसएमपीएस काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “सर, वजन बघा.” रिकाम्या डब्यासारखा हलका होता तो. चांगल्या एसएमपीएसमध्ये तांब्याची गुंडाळी, कपॅसिटर, उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे आणि व्होल्टेज वाढल्यास पुरवठा तोडणारे संरक्षण असते, आणि या सगळ्याला वजन असते. माझ्या बिलावर त्याचे नावच नसल्याने वॉरंटीचा प्रश्नच आला नाही.

म्हणून गेल्या चतुर्थीच्या सुट्टीत नवा संगणक घेण्याची वेळ आली तेव्हा सुटे भाग आणले, प्रत्येकाचे वेगळे बिल मॉडेल व अनुक्रमांकासह घेतले आणि अकरावीतल्या पुतणीला शेजारी बसवले. विसर्जन झाल्यावर हॉलमधले मोठे टेबल मोकळे झाले होते, त्यावरच हा उद्योग मांडला. आमच्या मदरबोर्डचे सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा, २०२२ साली आलेल्या एएम५ प्रकारचे होते. त्यात १७१८ बारीक पिना असतात, आणि त्या प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. त्यामुळे सॉकेटवर बोट किंवा स्क्रू ड्रायव्हर पडला की मदरबोर्ड गेलाच म्हणून समजावे. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा असतो, दाबायचा नसतो. मग तो घट्ट धरणारी सॉकेटची दांडी खाली ओढताना असा करकर आवाज येतो की काहीतरी मोडते आहे असे वाटते. पुतणीने हात मागे घेतला. पुस्तिकेत ताकद लागते असे लिहिले होते म्हणून मी धीर दिला खरा, पण माझ्याही कपाळावर घाम होता.

मदरबोर्डवर रॅमच्या चार खाचा होत्या आणि आमच्याकडे पट्ट्या दोन. पहिल्या दोन खाचांत त्या बसवाव्यात, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत त्या बसवायच्या असतात, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यातल्या दोन्ही वाहिन्या एकाच वेळी वापरल्या जातात. माहिती साठवणारी एसएसडी एम.२ प्रकारची, तिच्यावर ‘२२८०’ असा आकडा. पुतणीने विचारले तेव्हा पट्टी आणून मोजले. रुंदी २२ मिलिमीटर, लांबी ८० मिलिमीटर. मग तिनेच मदरबोर्डवरच्या चपट्या बॅटरीवरचा ‘सीआर २०३२’ हा आकडा वाचला आणि व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर असा उलगडा केला. तीस वर्षे मुलांना मापन शिकवले, पण त्या दुपारइतका रंगलेला तास मला आठवत नाही.

चुकाही झाल्या. मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये बसवून सगळे स्क्रू आवळले आणि मग लक्षात आले की मागच्या बाजूच्या जोडण्यांभोवती बसणारा पत्रा टेबलावरच राहिला आहे. सगळे पुन्हा काढले. ते काढताना आणखी एक गोष्ट सापडली. मदरबोर्डाखाली ज्या पितळी खुंट्या असतात, त्यांतली एक अशा जागी होती जिथे बोर्डाला भोकच नव्हते. ती तशीच राहिली असती तर बोर्डाच्या मागच्या डाखाच्या टाक्यांना टेकून शॉर्ट सर्किट झाले असते. तेव्हा पत्रा विसरलो हे बरेच झाले म्हणायचे. एसएमपीएसची २४ पिनांची मोठी वायर सर्वांना दिसते, पण प्रोसेसरजवळची ८ पिनांची वायर कोपऱ्यात असते आणि ती विसरली तर पंखा फिरतो, पडद्यावर मात्र काही येत नाही. आम्ही ती विसरलो नव्हतो, तरीही पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला. पुतणी प्लग काढायला निघाली होती. आमची होती तशी डीडीआर५ प्रकारची रॅम पहिल्यांदा लावल्यावर मदरबोर्ड तिची चाचपणी करतो आणि त्याला काही मिनिटे लागू शकतात, हे पुस्तिकेच्या एका कोपऱ्यात लिहिलेले होते. आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. अखेर बायोसचा, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सुरुवातीच्या प्रणालीचा, पडदा उजळला तेव्हा घरातली सगळी मंडळी टेबलाभोवती जमली होती.

निरनिराळ्या कंपन्यांचे हे भाग एकमेकांत बसतात, याला इतिहास आहे आणि तोही मुलांना सांगण्यासारखा आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला पीसी आणला तो बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या भागांचा आणि त्याची तांत्रिक माहिती उघड ठेवून. त्यामुळे इतरांना त्याच्याशी जुळणारी यंत्रे करता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले. मदरबोर्डाची भोके कुठे, मागच्या जोडण्यांची जागा कुठे, एसएमपीएसचा आकार केवढा, हे त्यात ठरून गेले. म्हणून आज घेतलेला मदरबोर्ड वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्येही बहुधा बसतो. जिथे जुळत नाही तिथे मात्र अजिबात जुळत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्कबिंदू असले तरी पट्टीवरची मधली खाच वेगळ्या जागी असते, आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. असा प्रोसेसर स्वस्त म्हणून घेऊन, चित्र दाखवणारे वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेतलेला माणूस मदरबोर्ड बिघडला म्हणून दुकानात भांडायला जातो. एकदा हाताने जुळणी केलेले मूल तसे भांडणार नाही, आणि ‘सेट, १ नग’ असे बिलही घेणार नाही.

गोव्याच्या हवेचा विचार या प्रात्यक्षिकात वेगळा करावा लागेल. सुटे भाग हाताळताना अंगातल्या स्थिर विजेची भीती घातली जाते. कोरड्या थंडीच्या प्रदेशात ती खरीच आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की हा धोका बराच कमी होतो. तरी भागाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करण्याची सवय असावी. आपला खरा शत्रू दमटपणा आणि किनाऱ्याकडची खारी हवा हा आहे. संपर्कबिंदू मळतात आणि चांगला चालणारा संगणक एका सकाळी नुसता ‘बीप’ करत राहतो. दुरुस्तीवाले रॅम काढून तिच्या सोनेरी कडेवर पांढरा खोडरबर हलकेच फिरवतात, कचरा झटकतात आणि पट्टी परत बसवतात. अनेकदा दुरुस्ती एवढ्यावरच संपते. मागच्या बाजूला उघड्या राहिलेल्या खाचा पत्रे लावून बंद कराव्यात, कारण उबेला पाली आत शिरतात, आणि त्यांचे पुढे काय होते ते सांगायला नको.

अर्थिंगचेही तसेच आहे. आपली जांभ्या दगडाची जमीन एप्रिल-मे महिन्यांत कोरडी पडते, अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा जातो आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. त्या दिवसांत खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, हे आमच्या वडिलांना ठाऊक होते, आम्ही विसरलो. शाळेने प्रात्यक्षिक सुरू करण्यापूर्वी कक्षातले अर्थिंग तपासून घ्यावे.

प्रत्यक्ष करायचे कसे, याबद्दल फार काही लागत नाही. चार मुलांमागे एक जुना संगणक, एक चुंबकी टोकाचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, स्क्रू ठेवायला वाट्या आणि दोन सलग तास पुरेत. मुलांनी खोलताना प्रत्येक टप्प्याचे चित्र वहीत काढावे आणि तेच चित्र उलट क्रमाने पाहत जुळवावे. मोबाइलवर फोटो काढणे सोपे आहे, पण वायर कुठून कुठे जाते हे काढताना जितके लक्षात राहते तितके फोटोत राहत नाही. एका बाबतीत मात्र सूट नको: एसएमपीएसचा स्वतःचा डबा कोणत्याही मुलाने उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे राहू शकतात. प्लग काढलेला असेल तर कॅबिनेटमधल्या बाकी कोणत्याही भागात जिवाला धोका होईल असे काही नाही.

जुळवलेल्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि विंडोज ११ ने नाकारलेला प्रोसेसर त्याला चालतो. म्हणजे त्यांतले काही संगणक पुन्हा कामालाही लागतील. जे लागणार नाहीत ते १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जावेत, रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे नव्हे. सरकारी मालमत्तेच्या नोंदवहीतून वस्तू कमी झाल्याशिवाय तिला हात लावता येत नाही, ही मुख्याध्यापकांची अडचण मला ठाऊक आहे, कारण मीही ती नोंदवही सांभाळली आहे. शिक्षण खात्याने एक साधे परिपत्रक काढून अशा संगणकांना ‘प्रात्यक्षिकासाठी’ असा वेगळा रकाना दिला, तर ही अडचण सुटेल.

फोंडा परिसरातल्या एखाद्या शाळेने हे सुरू केले, तर शनिवारी सकाळी माझा स्क्रू ड्रायव्हर घेऊन यायला मी तयार आहे. तो हलका एसएमपीएस मी अजून ठेवला आहे, तोही आणीन. एका हातात तो आणि दुसऱ्यात चांगला, असे मुलांना वजन करून पाहता येईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा