आत्मविश्वासाची वही आणि सोसायटीची सभा

महोदय,

‘आरशासमोर उभे राहून रोज दहा वेळा म्हणा, मी सर्वोत्तम आहे,’ हा सल्ला पुरवण्यांतून वर्षानुवर्षे छापून येतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वतःबद्दल आधीच हलके मत असणाऱ्यांना अशा घोकंपट्टीने उलट अधिक वाईट वाटले. मन पुरावा मागते, आणि तो आरशाकडे नसतो.

तो गोळा करायला साधी वही पुरते. मात्र ‘आत्मविश्वास वाढवणे’ हे ध्येय तिच्यात लिहू नये. त्याचे पुढे काहीच होत नाही. एकच ठोस प्रसंग धरावा. उदाहरणार्थ, गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा. ती ३० सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते, म्हणजे मुदत आयतीच मिळते. तिथे उभे राहून हिशेबावर एक प्रश्न विचारायचा, एवढेच ध्येय. तयारी जुलैत सुरू करावी.

वहीत पाच रकाने आखा : कृती, आधीची भीती (० ते १००), काय होईल असे वाटते, प्रत्यक्षात काय झाले, नंतरची भीती. मग सोप्याकडून अवघडाकडे पायऱ्या लिहा. लिफ्टमध्ये अनोळखी माणसाला ‘कितवा मजला?’ विचारणे, भीती २०. रिक्षावाल्याकडे उरलेले सात रुपये मागणे, ३५. चपलांच्या दुकानात चार जोड काढायला लावून ‘नाही आवडले’ एवढेच म्हणून बाहेर पडणे, ५०. ‘जरा फिरून येतो’ म्हणायचे नाही, ते दुकानदारही ओळखून असतो. सचिवांना गाठून देखभाल खर्चाची पावती मागणे, ६५. घरच्या चौघांसमोर उभे राहून तोच प्रश्न मोठ्याने म्हणणे, ७०. मग सभा.

सुरुवात ३०च्या आसपासच्या पायरीने करावी. त्याखालच्या पायऱ्या नुसता हात बसायला. थेट ८०वर उडी मारली तर माणूस दारातूनच परततो. आठवड्यातून चार-पाच वेळा तीच पायरी करा, आकडा निम्म्यावर आला की पुढची घ्या. मध्येच पळ काढला तर सुटल्याचा जो आराम वाटतो, त्यातून मन पळायलाच शिकते. चोरवाटाही बंद करा : मोबाइलकडे बघत विचारणे, सोबतीला मित्र नेणे, आणि ‘हिनं विचारायला सांगितलंय’ म्हणणे. या शेवटच्या वाटेने गेल्यास धीर बायकोच्या खात्यावर जमा होतो.

ज्याची भीती वाटते ते प्रत्यक्ष करून पाहण्याचे एक मोठे पुरस्कर्ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात एकट्या बसलेल्या शंभर अनोळखी मुलींशी बोलणे काढले. भेट एकीनेच ठरवली, आणि तीही आली नाही. पण आभाळ कोसळले नाही, हे त्यांना पक्के कळले. (आपल्याकडे हा प्रयोग बागेत करू नये, त्या मुलींच्या डोक्याला ताप कशाला?) पुढे ते रुग्णांना लाज मोडण्याचे व्यायाम देत. गाडीत स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारणे किंवा केळ्याला दोरी बांधून रस्त्यावरून ओढत नेणे, असे. अट एकच : कुणाला त्रास नको आणि नोकरी जाईल असे काही नको. सिटी बसमध्ये पुढचा थांबा मोठ्याने पुकारून पाहा. दोघे बघतील, एक जण उतरायला दाराशी जाईल, बाकीचे मोबाइलमध्येच असतील. हेच वहीत चौथ्या रकान्यात लिहायचे.

सभेच्या दिवसासाठी काही बारकावे. प्रश्न दोन वाक्यांचा असावा : ‘अहवालात लिफ्टच्या देखभालीचा खर्च चाळीस हजारांनी वाढलेला दिसतो. कारण काय?’ पहिले वाक्यच पाठ करा, दुसरे आपोआप येते. सुटा कागद हातात थरथरतो आणि ते सगळ्यांना दिसते, फाइल धरा. उठण्याआधी श्वास सावकाश सोडा, भरून घेऊ नका. हिशेबाचा विषय निघताच हात वर करा. थांबलात तर भीती वाढत जाते, शिवाय दर सभेत बोलणारे काका तेवढ्यात माइक घेतात. ‘विचारले’ एवढेच यश मोजा. ‘समाधानकारक उत्तर मिळाले’ हे वहीत लिहिण्याची वेळ फारशी येत नाही.

भीतीपायी नोकरी, परीक्षा किंवा घराबाहेर पडणेच बंद झाले असेल, तर हे काम वहीचे नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे किंवा सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेला १४४१६ वर फोन करावा.

यात एक धोका आहे. सभेत नेमका प्रश्न विचारणाऱ्यालाच पुढच्या कार्यकारिणीत ओढायची आपल्याकडे रीत आहे. ‘नको’ म्हणण्याच्या पायऱ्या वेगळ्या पानावर आधीच आखून ठेवाव्यात.

आपला,
एक समुपदेशक, नाशिक