एका नावाचे दोन उमेदवार: मुख्य निवडणूक आयुक्तांना खुले पत्र

मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली.

महोदय,

2014 च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये राष्ट्रवादीचे सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले आणि शिवसेनेचे अनंत गीते निवडून आले. त्याच यंत्रावर आणखी एक सुनील तटकरे होते. पक्षाचे ते सुनील दत्तात्रय, हे अपक्ष सुनील श्याम. या दुसऱ्या तटकऱ्यांना साडेनऊ हजारांवर मते पडली, म्हणजे हारजितीच्या फरकाच्या चौपटीहून जास्त. त्यातली किती चुकून पडली हे कोणीच सांगू शकणार नाही, कारण मत गुप्त असते. पण एकाही मतदाराची गफलत झाली नसेल, असे म्हणायला फार भाबडेपणा लागतो.

त्याच वर्षी छत्तीसगडमधल्या महासमुंदला तर कहरच झाला. भाजपचे चंदूलाल साहू उभे होते आणि त्यांच्या नावाचे किंवा जवळपास त्याच नावाचे आणखी दहा जण रिंगणात होते. पक्षाचे साहू 1,217 मतांनी वाचले. समोर काँग्रेसचे अजित जोगी होते.

यावर आयोगाने काही केलेच नाही, असे मी म्हणत नाही. 2015 पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचे छायाचित्र आले, ते याच घोळासाठी. 2025 मध्ये बिहारपासून ते रंगीत झाले, चेहरा मोठा दिसेल अशी सूचना निघाली, नावांची अक्षरे ठळक आणि एका मापाची झाली. चांगले पाऊल आहे. वाचता न येणाऱ्या मतदाराला त्याचा खरा उपयोग होतो. पण मतदार आपल्या उमेदवाराला चेहऱ्याने ओळखतो, हे आपण धरून चाललो आहोत. लोकसभेच्या मतदारसंघात पंधरा-वीस लाख मतदार असतात. बहुतेकांनी उमेदवाराला बॅनरवर पाहिलेले असते, तेही दहा नेत्यांच्या गर्दीत. त्यांच्या लक्षात राहते ते नाव आणि चिन्ह. चिन्ह नवे असेल तर नुसते नाव.

2024 ला दिंडोरीत हेच दिसले, आणि तेव्हा छायाचित्रे होती. राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे पेशाने शिक्षक, सगळीकडे ‘भगरे सर’ म्हणून ओळखले जाणारे. पक्षाचे चिन्ह नवे, तुतारी वाजवणारा माणूस. अपक्षांमध्ये आणखी एक भगरे, त्यांचे चिन्ह नुसती तुतारी. त्यांच्या नावाला जोडलेल्या ‘सर’वरूनही बरीच ओरड झाली. प्रचार कुठे दिसला नाही तरी या अपक्ष भगऱ्यांना लाखाच्या वर मते मिळाली. पक्षाचे भगरे त्याहून मोठ्या फरकाने जिंकले म्हणून पुढे कोणी फार खोलात गेले नाही.

नामसाधर्म्याच्या उमेदवारांना मज्जाव करावा, अशी मागणी दर निवडणुकीत होते. माझी ती मागणी नाही. मे 2024 मध्ये अशीच एक याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने विचारले की आईबापांनी एखाद्याचे नाव बड्या नेत्यासारखे ठेवले, तर त्याला निवडणूक लढवू द्यायची नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. खासदाराच्या नावाचा एखादा गवंडी असेल, बसचालक असेल, गॅरेजवाला असेल. नाव त्याला नेत्याच्या आधी मिळालेले असू शकते. त्याने अनामत भरली, दहा सूचक आणले, अर्ज छाननीत टिकला, तर तो उमेदवार आहे. आपल्याकडे मात्र त्याने अर्ज भरला की लगेच ‘डमी’ असा शिक्का बसतो. कोणी उभे केले, किती घेतले, माघार कधी घेणार, एवढेच त्याला विचारले जाते. पाण्यासाठी लढायचे आहे असे तो सांगू लागला तरी ऐकायला कोणी थांबत नाही. पैसे देऊन उभे केलेले असतातच, नाही कशाला म्हणू? पण त्यांच्यामुळे सरळ मनाने उभा राहिलेला माणूसही त्याच टोपलीत जातो.

मतदान केंद्राध्यक्ष म्हणून मी काही निवडणुका केल्या आहेत. यंत्रासमोर थबकलेला मतदार आतून हाक मारतो, ‘सर, ह्यातला आपला कोणता?’ आम्ही उत्तर देऊ शकत नाही आणि देऊही नये. मग तो अंदाजाने बटण दाबतो. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, पण चूक कळली तरी मत परत घेता येत नाही.

महोदय, उपाय नवा शोधायचाच नाही. निवडणूक संचालन नियम 1961 मध्ये, नियम 22 खाली तो लिहून ठेवला आहे: दोन उमेदवारांचे नाव एकच असेल, तर व्यवसाय, राहण्याचे ठिकाण किंवा अन्य काही जोडून त्यांच्यातला फरक दाखवावा. ज्यांनी हे लिहिले त्यांना माणूस कळत होता. गावात दोन सदाशिव असले की आपण काय करतो? एक सुतार सदाशिव होतो, दुसरा वरच्या आळीचा.

अडचण ‘एकच नाव’ या शब्दांपाशी होते. सुनील दत्तात्रय आणि सुनील श्याम ही कागदावर दोन वेगळी नावे आहेत. महाराष्ट्रात वडिलांचे नाव मध्ये येतेच, त्यामुळे तंतोतंत एकच नाव जवळजवळ कधी सापडणार नाही आणि नियमाला हात लावायची वेळ येणार नाही. मतदार मात्र वडिलांचे नाव लक्षात ठेवून केंद्रावर येत नाही. म्हणून पहिली विनंती अशी की, पहिले नाव आणि आडनाव जुळले, किंवा आडनाव आणि प्रचलित उपाधी जुळली, की ते ‘एकच नाव’ समजावे, असे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना स्पष्ट कळवा.

दुसरी विनंती छपाईची. अशा प्रत्येक उमेदवाराच्या नावाखाली त्याचा व्यवसाय आणि गाव छापा. माहिती गोळा करायला कुठे जायचे नाही. नमुना 26 च्या शपथपत्रात उमेदवार व्यवसाय स्वतःच लिहून देतो. अर्थात त्यातही गंमत आहे. आपले अर्धे उमेदवार तिथे ‘शेती व समाजसेवा’ लिहितात आणि दोन्ही नामबंधू शेतकरीच निघाले तर व्यवसायाने काहीच उलगडणार नाही. तिथे गाव कामाला येईल. आणि ‘सर’, ‘भाऊ’, ‘दादा’, ‘आण्णा’ या उपाध्या नामसाधर्म्य असेल तिथे दोघांच्याही नावातून काढा. खऱ्या शिक्षकाच्या नावाखाली ‘शिक्षक’ छापले जाणारच आहे, त्याचे काही बिघडत नाही.

व्यवसाय छापल्याने गवंड्याला कमी लेखले जाईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. मला तो पटत नाही. आज त्याला जी मते मिळतात ती दुसऱ्याची समजून दिलेली आहेत, असे म्हणून हिणवले जाते. नावाखाली ‘गवंडी’ वाचून कोणी त्याला मत दिले, तर ते त्याचेच असेल.

मतपत्रिकेवर जागा नाही, असे उत्तर कदाचित येईल. तसे असेल तर निदान केंद्राबाहेर लागणाऱ्या उमेदवारांच्या यादीत ही नावे शेजारी-शेजारी, छायाचित्र, व्यवसाय आणि गावासह मोठ्या अक्षरांत लावा, आणि मतदाराला आत जाण्याआधी ती वाचायला मिळेल अशा उंचीवर लावा. त्याला कायदा बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरते, आणि ते पुढच्या पोटनिवडणुकीच्या आधी निघू शकते.

आपला,
एक मतदार आणि निवृत्त शिक्षक